रकाना सात

वादळानंतर अकराव्या दिवशी
बायू तेशच्या काठी पोचलो.
पाणी उतरलं होतं, भिंतींवर माझ्या छातीएवढी
तपकिरी रेघ ठेवून.
टॅब्लेट, मोजपट्टी, रबरी बूट.
नुकसान मोजणं हा माझा धंदा.

आझेली मेलाँसाँ, वय एक्याऐंशी.
घराला छप्पर नाही, म्हणून पेकानच्या झाडाखाली
गॅसची शेगडी मांडून
बिडाच्या काळ्या भांड्यात पीठ आणि तेल हलवत होती.
म्हटलं, दोन सह्या हव्यात.
आत्ता नाही, म्हणाली. रू आहे.
मान वर केली नाही.

रू म्हणजे काय, हे नेब्रास्कात मला कुणी सांगितलं नव्हतं.
पीठ, तेल,
आणि एक हात, जो थांबत नाही.
थांबला की तळाशी काळा ठिपका उठतो,
तेवढ्या एका ठिपक्यापायी सगळं ओतून द्यायचं,
भांडं घासायचं, पुन्हा पहिल्यापासून.
किती वेळ लागतो?
वेळ नाही रे, रंग.
आधी वाळू. मग शेंगदाण्याचं टरफल.
मग एक सेंटचं जुनं नाणं.
मग चर्चमधला बाक,
माणसं बसून बसून गुळगुळीत झालाय ना, तिथला.
तिथे थांबायचं. पुढे नुसता कोळसा.

भांडं सापडलं तिच्या नातवाला, ओरेलियाँला,
पाव मैलावर, उसात, पालथं,
खाली एक बेडूक.
मीठ आणि डुकराची चरबी लावून तीन दिवस घासलं.

रकाना सात: स्वयंपाकघरातील वस्तू, खरेदीचे वर्ष, किंमत.
वर्ष?
माझ्या पणजीच्या सासूचं हे. त्याआधीचं विचारू नकोस.
उत्तरेतून आम्हाला जहाजात कोंबून हाकललं,
तेव्हा भांडी किनाऱ्यावरच राहिली.
इथल्या चिखलात गहू धरेना, तांदूळ शिकलो.
भेंडी ज्यांनी आणली त्यांना साखळ्या घालून आणलं होतं;
त्यांच्या बोलीत भेंडीला म्हणायचे
तेच या रश्श्याचं नाव, गंबो.
सासाफ्रासचा पाला वाळवून कुटायला
चोक्टॉ बायकांनी शिकवलं.
मग तुमचं त्यात काय?
हलवत राहणं,
ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

फॉर्म इंग्रजीत आहे ना? वाच, मला येतं.
तिसरीत असताना मी लघवीला जायची परवानगी
फ्रेंचमध्ये मागितली होती.
दोनशे ओळी लिहायला लावल्या बाईंनी:
मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही.
ओल्या फ्रॉकवर बसून लिहिल्या.
तेवढं इंग्रजी माझं आजही पक्कं आहे.

वाऱ्याने ताडपत्रीची एक दोरी सुटली.
धर, म्हणत तिने लाकडी डाव माझ्या हातात दिला
आणि निघून गेली दोरी बांधायला.

डाव एका बाजूने तिरका झिजलेला,
कित्येक उजव्या हातांनी.
मी डावखुरा.
झीज माझ्या उलट्या अंगाची, तळाला नीट टेकेना.
खिशात ऑफिसचा फोन वाजला, वाजत राहिला.
खांदा भरून आला.
वाळू गेली, टरफल गेलं,
नाणं आलं की नाही ते कळेना,
आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या रंगाला घाबरलो.

हात बदल, ती दुरूनच ओरडली. वासावरून कळलं असणार.

मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची
तिने एकदम लोटली आत.
तो आवाज
मी कुठल्या रकान्यात लिहू.

कागदी वाडग्यातून जेवलो, उभ्यानेच.
बदक होतं, धुरावलेलं सॉसेज होतं, भात होता.
ओरेलियाँने दुसऱ्यांदा वाढलं, न विचारता.

भांड्याची किंमत रिकामी सोडता येत नाही,
रकाना लाल होतो.
मी एक डॉलर टाकला. ती काही बोलली नाही.
सही बोटाने करायची होती,
बोटाला चरबी, काचेवर उमटेना.
तीनदा पुसलं.
चौथ्यांदा एक वाकडी रेघ आली,
आणि ओमाहातल्या कुणीतरी ती मान्य केली.